स्कीइंगचे हेल्मेट डोक्यावर नीट कसे बसवावे

गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळच्या सोलंग येथे पहिल्यांदा स्कीइंग शिकायला निघालेली मंडळी जॅकेट, हातमोजे आणि थर्मल कपडे यांच्या खरेदीत बरेच दिवस घालवतात, पण हेल्मेटचा विषय मात्र ‘तिथे भाड्याने मिळेल ते घेऊ’ एवढ्यावर संपतो. भाड्याने घेण्यात काहीही गैर नाही. मात्र हेल्मेट स्वतःचे असो वा भाड्याचे, ते डोक्यावर कसे बसले आहे यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो. सैल हेल्मेट पडताना मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते, किंवा पुढे घसरून डोळ्यांवर येते. याउलट जे हेल्मेट काचते किंवा टोचते, ते माणूस तासाभरात ढिले करतो आणि दुपारपर्यंत काढून हातात धरतो. म्हणून सुरक्षितता आणि आराम यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. दिवसभर विसरून जाता येईल इतके चपखल बसलेले हेल्मेटच खऱ्या अर्थाने सुरक्षित असते.

आपण अजून नवशिके आहोत, सौम्य उतारावरच राहणार आहोत, तेव्हा हेल्मेटची फारशी गरज नाही, असे कोणी समजू नये. मार्च 2009 मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातील माँ-ट्रेंब्लाँ येथे नवशिक्यांच्या उतारावर धडे घेत असताना पडल्या. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. पडल्यानंतर सुरुवातीला त्यांना विशेष काही झाल्यासारखे वाटले नाही, आणि दोनच दिवसांनी कवटीच्या आत झालेल्या रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. नवशिका माणूस वेगाने जात नसला तरी तो वारंवार पडतो, अनेकदा मागच्या बाजूला पडतो, आणि सकाळच्या वेळी दबून कडक झालेला बर्फ फरशीसारखाच लागतो.

प्रथम हेल्मेट कोणते असावे, ते पाहू. घरात दुचाकीचे किंवा सायकलचे हेल्मेट पडलेले असते आणि तेच न्यावे असा मोह होतो, तो टाळावा. दुचाकीचे हेल्मेट जड असते, त्यात ऐकू कमी येते, श्वासाने काचेवर वाफ धरते आणि बर्फाचे गॉगल्स त्यावर नीट बसत नाहीत. सायकलचे हेल्मेट हलके असले तरी त्यावर मोठमोठी भोके असतात, कान उघडे राहतात, आणि त्याची चाचणी वेगळ्या प्रकारच्या अपघातांसाठी झालेली असते. स्कीइंगच्या हेल्मेटच्या आतल्या लेबलवर ‘ईएन 1077’ हे युरोपीय मानक किंवा ‘एएसटीएम एफ 2040’ हे अमेरिकी मानक छापलेले असते. दोन्हींपैकी एक तरी दिसायला हवे. युरोपीय मानकात ए आणि बी असे दोन वर्ग आहेत. ए वर्गाचे हेल्मेट कानांसह डोक्याचा अधिक भाग कठीण कवचाखाली घेते आणि टोकदार वस्तू आत घुसण्याविरुद्ध त्याची अधिक कडक परीक्षा होते, तर बी वर्गात कानांवर मऊ गाद्या असतात, हवा अधिक खेळते आणि ऐकूही बरे येते. शर्यतीत न उतरणाऱ्या माणसाला बी वर्गाचे हेल्मेट पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

या परीक्षांची मर्यादाही समजून घ्यावी. युरोपीय चाचणीत हेल्मेट सुमारे 1.5 मीटर उंचीवरून ऐरणीवर आदळले जाते, आणि उणे 25 अंशांपर्यंत थंड केल्यावरही ते तितकेच काम करते की नाही हे पाहिले जाते. म्हणजे उभ्या उंचीवरून बर्फावर पडणे किंवा मध्यम वेगात कोणाशी टक्कर होणे, अशा प्रसंगांचा हा हिशेब आहे. भरधाव वेगात देवदाराच्या बुंध्यावर आदळणाऱ्याला कोणतेही हेल्मेट हमी देऊ शकत नाही. काही हेल्मेटांच्या आत पातळ, बहुधा पिवळ्या रंगाचा एक सरकता थर दिसतो. त्याला ‘मिप्स’ म्हणतात. स्टॉकहोममधील संशोधनातून तो पुढे आला आणि तिरकस आघाताच्या वेळी हेल्मेट डोक्याभोवती 10 ते 15 मिलिमीटर सरकू देऊन मेंदूला बसणारा पीळ कमी करावा, हा त्याचा उद्देश आहे. तो असल्यास चांगलेच. पण असा थर असलेले सैल हेल्मेट घेण्यापेक्षा तो नसलेले पण नेमके बसणारे हेल्मेट घ्यावे.

आता माप. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्यावी, भुवयांच्या वर सुमारे अडीच सेंटिमीटर आणि कानांच्या थोडी वर धरून डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवून आणावी. टेप जमिनीला समांतर राहिली पाहिजे. एकट्याने मोजताना ती हमखास मागे उतरते, म्हणून हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. दोन-तीनदा मोजून सर्वांत मोठे माप धरावे. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजली तरी चालते. मोठ्या माणसाचे माप साधारण 54 ते 61 सेंटिमीटरांच्या दरम्यान येते. बहुतेक कंपन्या 55 ते 59 सेंटिमीटरांच्या आसपासच्या डोक्याला मीडियम म्हणतात, परंतु प्रत्येकीचा तक्ता थोडाथोडा वेगळा असतो, तेव्हा ‘मला मीडियम लागते’ एवढे लक्षात ठेवण्याऐवजी सेंटिमीटरमधला आकडा लक्षात ठेवावा. माप दोन आकारांच्या सीमेवर आले, तर दोन्ही घालून पाहावीत आणि दुखत नसेल तर लहान निवडावे, कारण आतले अस्तर वापराने थोडे दबते आणि आज नेमके बसलेले हेल्मेट काही दिवसांनी किंचित सैल होते.

माप जुळूनही हेल्मेट टोचते, असा अनुभव अनेकांना येतो, आणि त्याचे कारण घेर नसून डोक्याचा आकार असतो. काहींचे डोके पुढून मागे लांबट असते, काहींचे गोल. लांबट डोक्यावर गोलसर घडणीचे हेल्मेट चढवले की कपाळावर आणि मागे दाब पडतो आणि कानशिलांपाशी मात्र बोट जाईल एवढी फट राहते. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट चढवले की उलट होते. कानशिले दाबली जातात आणि पुढेमागे जागा उरते. अशा वेळी मोठा आकार घेऊ नये, दुसऱ्या कंपनीचे किंवा दुसऱ्या घडणीचे हेल्मेट पाहावे. किरकोळ फट असेल तर सोबत मिळणाऱ्या जाड किंवा पातळ स्पंजाच्या पट्ट्या बदलून ती भरून काढता येते, पण आतला फेस कापून किंवा चमच्याने दाबून जागा करण्याचा उद्योग कदापि करू नये. तो फेस म्हणजे बहुतेक हेल्मेटांत थर्माकोलचाच दाट प्रकार असतो, आणि आघात झाल्यावर स्वतः चेपला जाऊन तो डोक्यावरचा मार कमी करतो. जो भाग आपण आधीच चेपून ठेवला, तो ऐनवेळी चेपला जाणार नाही.

हेल्मेट घालण्यापूर्वी मागची चक्री, म्हणजे आतला घेर घट्ट-सैल करणारे फिरते बटण, पूर्ण सैल करावी आणि हनुवटीचा पट्टा सोडावा. दोन्ही हातांनी कानांच्या गाद्या बाहेरच्या बाजूला ताणून हेल्मेट पुढून मागे सरळ डोक्यावर उतरवावे. कानाची वरची कड आत मुडपली गेली नाही ना, हे बोटाने चाचपावे. घाईत ती दुमडते आणि तासाभराने कान ठणकू लागतो. कुड्या, रिंगा, लोंबती कर्णभूषणे खोलीवरच काढून ठेवावीत. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर सुमारे दोन बोटे असावी आणि आरशात बाजूने पाहिल्यास हेल्मेट आडवे, सपाट दिसावे. शाळेतली टोपी मागे सरकवून घालावी तसे कपाळ दाखवत घातलेले हेल्मेट ऐटबाज वाटत असेल, पण तोंडावर पडताना जो भाग आधी लागतो, तोच त्यात उघडा राहतो.

त्यानंतर चक्री हळूहळू आवळावी. ही चक्री डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली, जिथे कवटी मानेकडे आत वळते, तिथे टेकणाऱ्या कमानीला ओढते. अनेक हेल्मेटांत ही कमान वरखालीही सरकवता येते आणि हे पुष्कळांना माहीतच नसते. ती उंचवट्याच्या वर राहिली तर कितीही आवळले तरी हेल्मेट वर निसटते, योग्य ठिकाणी खाली आली की थोड्याशा ताणातही धरून राहते. दाब सगळीकडून सारखा जाणवावा आणि तो हस्तांदोलनातल्या पकडीइतका असावा, शिरा ठसठसण्याइतका नसावा. चक्री शेवटपर्यंत फिरवल्यावरच हेल्मेट स्थिर होत असेल, तर ते आकाराने मोठे आहे असे समजावे. चक्री ही शेवटची बारीक जुळवणी करण्यासाठी असते, चुकलेला आकार झाकण्यासाठी नसते.

पट्टा लावण्याआधीच पहिली परीक्षा घ्यावी. डोके खाली झुकवून डावीकडे-उजवीकडे आणि वरखाली हलवावे. हेल्मेट जागेवर राहिले पाहिजे. मग हाताने हेल्मेट धरून हळूच फिरवावे आणि आरशात भुवयांकडे पाहावे: कपाळाची कातडी आणि भुवया हेल्मेटबरोबर हलल्या तर पकड योग्य आहे, आणि कातडी स्थिर राहून हेल्मेट तेवढे सरकले तर ते सैल आहे.

मग पट्टा. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीच्या जरा खाली एकत्र यावेत आणि बकल हनुवटीच्या टोकावर न येता तिच्या मागे, गळ्याच्या बाजूला बसावे. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये एक बोट जावे, दोन जाऊ नयेत. यानंतर जांभई देताना उघडतो तसे तोंड मोठे उघडावे; तेव्हा हेल्मेट माथ्यावर किंचित खाली ओढले गेल्यासारखे वाटले पाहिजे. तसे काहीच जाणवले नाही, तर पट्टा ढिला आहे. शेवटी तळहात पुढच्या कडेखाली ठेवून हेल्मेट वर आणि मागे ढकलावे, तसेच मागच्या कडेखालून पुढे ढकलावे. कपाळ उघडे पडण्याइतके ते मागे गेले, किंवा डोळे झाकण्याइतके पुढे आले, तर पट्टा आणि चक्री पुन्हा पाहाव्यात, आणि तरीही तसेच होत असेल तर हेल्मेट बदलावे. ही परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पडताना नेमके हेच घडत असते. गळ्याभोवती लोकरी पट्टी वापरणार असाल तर ती घालूनच पट्ट्याची लांबी ठरवावी. तिची जाडी मध्ये आल्यावर उघड्या गळ्यावर बेतलेला पट्टा घशाला आवळतो. लोंबणारे टोक रबरी कडीत अडकवावे. हातमोजे घालून बकल लावता आणि सोडता येते का, हेही खोलीतच करून पाहावे. चुंबकाचे बकल या बाबतीत फार सोयीचे असते, आणि साध्या बकलात हनुवटीखालची कातडी चिमटीत सापडू नये म्हणून आतली कापडी गादी जागेवर असल्याची खात्री करावी.

एवढे झाल्यावर हेल्मेट घालून निदान पंधरा मिनिटे खोलीत वावरावे, बूट-मोज्यांची आवराआवर करावी आणि मग काढून आरशात पाहावे. कपाळावर सगळीकडे फिकट, सारखा वळ दिसला तर काळजी नाही. तो काही मिनिटांत जातो. पण एकाच ठिकाणी नाण्याएवढा लालभडक डाग उठला असेल, तर तिथे दाब एकवटतो आहे, आणि गुलमर्गच्या गंडोल्यातून (रोपवेच्या डब्यातून) आफरवत शिखराकडच्या वरच्या टप्प्यावर, सुमारे 3,900 मीटर उंचीवर पोहोचल्यावर तोच डाग डोकेदुखी होऊन बसेल. अशा उंचीवर विरळ हवेनेही डोके दुखते, आणि दुखणे उंचीचे की हेल्मेटचे हे ओळखता न येणे धोक्याचे आहे. म्हणूनही हेल्मेटचा दाब खालीच निकालात काढलेला बरा.

हेल्मेटखाली काय घालावे, हा आपल्याकडच्या लोकांचा नेहमीचा प्रश्न आहे. थंडीच्या धास्तीने माकडटोपी किंवा आईने विणलेली जाड कानटोपी चढवून त्यावर हेल्मेट घातले जाते. जाड लोकर दबते, घसरते आणि तिच्यावर हेल्मेट तरंगत राहते. पडल्यावर टोपीसकट ते सरकते. स्कीइंगच्या हेल्मेटला स्वतःचे उबदार अस्तर आणि कानांच्या गाद्या असतात, त्यामुळे बहुतेकांना आत काहीच लागत नाही. फार थंडी वाजत असेल तर अंगाला चिकटणारी, पातळ, शिवण बाहेर न येणारी टोपी किंवा पातळ मुखवटा घालावा आणि तो घालूनच सगळी जुळवणी पुन्हा करावी. भाड्याच्या हेल्मेटातही स्वच्छतेसाठी अशी पातळ टोपी उपयोगी पडते. लांब केसांची वेणी मानेवर खाली घालावी, म्हणजे ती चक्रीच्या कमानीखालून जाते. अंबाडा, उंच पोनी, चाप आणि आकडे हेल्मेटखाली अजिबात नकोत. ते हेल्मेटला उचलून धरतात आणि मार बसल्यास थेट डोक्यात रुततात.

गॉगल्स आणि हेल्मेट ही जोडी एकत्र घालूनच निवडावी. गॉगल्सची वरची कड हेल्मेटच्या पुढच्या कडेला जवळजवळ टेकली पाहिजे. मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहिली तर बोचरा वारा तिथेच लागतो आणि बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने तेवढी पट्टी करपते. उलट हेल्मेट गॉगल्सना खाली दाबत असेल तर नाकपुड्या चेपतात, श्वास वर जाऊन काच धुरकटते आणि गॉगल्सची वरची हवेची भोकेही बुजतात. इलॅस्टिक हेल्मेटच्या बाहेरून घेऊन मागच्या पट्टीत अडकवावे, आणि ते फार ताणू नये, कारण ताणलेले इलॅस्टिक हेल्मेट मागे खेचते. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यावर बसणारे मोठे गॉगल्स घ्यावेत आणि चष्म्याच्या काड्या कानाच्या गादीखाली दबून कानशिलाला टोचत नाहीत ना, ते पाहावे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. हेल्मेट तसे घेऊ नये. पुढच्या वर्षीही चालावे म्हणून घेतलेले मोठे हेल्मेट या वर्षी मुलाच्या डोक्यावर डुगडुगत राहते आणि त्याला ते नकोसे होते. मुलाला ‘दुखतंय का?’ असे विचारले की खेळायला जाण्याच्या घाईत ते ‘नाही’ म्हणते, म्हणून उत्तरावर न विसंबता वर सांगितलेल्या परीक्षा पालकांनी स्वतःच्या हाताने कराव्यात आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी कपाळ पुन्हा पाहावे. इटलीत 2005 पासून 14 वर्षांखालील मुलांना उतारावर हेल्मेट सक्तीचे झाले आणि पुढे 2022 मध्ये ती मर्यादा 18 वर्षांपर्यंत नेण्यात आली. आपल्या मुलांसाठी हा नियम घरच्या घरी करायला कोणाची हरकत नसावी.

भाड्याचे हेल्मेट घेताना दुकानात पाच मिनिटे जास्त लागली तरी चालतील, पण ते उलटे करून पाहावे. अस्तर बाजूला सारून मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात आतल्या फेसावर केसासारखी भेग, चेपलेला खड्डा किंवा दाणे सुटलेली जागा आहे का, ते तपासावे. बाहेरचे कवच अंगठ्याने दाबून पाहावे. ते फेसापासून सुटलेले असेल तर टकटक आवाज येतो. पट्ट्याची शिवण उसवलेली असेल, बकल दोनदा ओढून सुटत असेल किंवा लेबलच नाहीसे झालेले असेल, तर दुसरे मागावे. दुकानदार ‘सगळे हेच वापरतात’ म्हणाला तरी भीड धरू नये.

उतारावर गेल्यावर जुळवणी संपत नाही. सकाळी थंडीत आवळलेली चक्री दुपारी केस घामाने दबल्यावर सैल वाटते. एक-दोन खाचा फिरवाव्यात. वरची हवेची झडप सकाळी बंद आणि चढाच्या वेळी उघडी ठेवावी, म्हणजे घाम कमी येतो आणि गॉगल्सही कमी धुरकटतात. कानांत इअरफोन घालू नयेत, कारण मागून येणाऱ्याची हाक ऐकू येणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

जोरात पडून डोक्याला मार बसला, तर दोन गोष्टी कराव्यात. हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी ते बाद समजावे, कारण साधा फेस एकदाच चेपला जातो आणि पूर्ववत होत नाही. आणि माणसाला त्या दिवशी पुन्हा उतारावर जाऊ देऊ नये. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, हात किंवा पाय लुळा पडणे यांपैकी काहीही दिसल्यास उशीर न करता रुग्णालय गाठावे, आणि काही दिसत नसले तरी पुढचा दिवसभर त्याला एकटे ठेवू नये.

स्वतःचे हेल्मेट असणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींना आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण ते वर्षातले दहा-अकरा महिने कपाटात पडून असते. परतल्यावर अस्तर काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावे आणि सावलीत पूर्ण वाळवावे. ओलसर अस्तर पावसाळ्यात बुरसटते. कवच ओल्या फडक्याने पुसावे. पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नये, कारण थर्माकोल त्यात विरघळतो. डांबराच्या गोळ्याही त्याच कप्प्यात ठेवू नयेत. त्यांच्या वाफेनेही हा फेस मऊ पडू शकतो. उन्हात उभ्या गाडीत मागच्या काचेखाली हेल्मेट ठेवू नये आणि कपाटात त्याच्यावर जड सामान रचू नये. बहुतेक कंपन्या तीन ते पाच वर्षांनी हेल्मेट बदलण्याचा सल्ला देतात, त्यामुळे खरेदीचे वर्ष आतल्या लेबलशेजारी कागदी चिठ्ठीवर लिहून ती अस्तराच्या कप्प्यात ठेवावी आणि पुढच्या हिवाळ्यात निघण्याच्या आठवडाभर आधी ते काढून, डोके पुन्हा मोजून, सगळ्या परीक्षा घरीच एकदा करून घ्याव्यात, म्हणजे बदलायचे झाले तर वेळ हाताशी राहतो.